परदेश दौऱ्याचा भत्ता, खर्च आणि कर : हिशेब कसा ठेवावा?

आपले अनेक व्यापारी आणि कारागीर बंधू धंद्यानिमित्त दुबई, जेद्दा, मस्कतपासून थेट युरोपातील प्रदर्शनांपर्यंत जाऊ लागले आहेत. सोलापूरचा टॉवेलवाला असो, मालेगावचा कापडवाला असो की मिरजेचा तंतुवाद्य कारागीर, माल दाखवायचा तर गिऱ्हाइकाच्या दारी जावे लागते. मात्र दौरा आटोपून परत आल्यावर किर्दीत एकच ओळ पडते : "दुबई दौरा, सव्वा लाख रुपये." पुढे आयकर अधिकारी या ओळीचा जाब विचारतात तेव्हा उत्तर देता येत नाही. खर्च खरा झालेला असूनही नामंजूर होतो आणि त्यावर कर व व्याज भरावे लागते. हे टाळणे अवघड नाही. काही गोष्टी निघण्यापूर्वी आणि काही परतल्याबरोबर केल्या म्हणजे झाले.

भत्ता आणि खर्च एक नव्हेत

पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी. भत्ता हा नोकराला मिळतो, मालकाला नाही. दुकान स्वतःच्या नावावर असेल तर मालक स्वतःला "रोजचे पाच हजार रुपये भत्ता" देऊ शकत नाही. जेवढा खर्च धंद्यासाठी प्रत्यक्ष झाला तेवढाच त्याला दाखवता येतो. भागीदारी पेढीतील भागीदारांनाही हेच लागू आहे.

नोकराची गोष्ट वेगळी. समजा, मिरजेच्या कारखानदाराने आपला कारागीर जर्मनीतील प्रदर्शनाला 10 दिवस पाठवला आणि त्याला रोज 60 युरो भत्ता दिला. कारागिराने रोज 45 युरो खर्च केले. कामासाठी खर्च झालेल्या 450 युरोंवर त्याला कर नाही. उरलेले 150 युरो त्याने मालकाला परत करावेत. स्वतःकडे ठेवले तर ती रक्कम त्याच्या पगाराच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणून भत्ता दिला की काम संपले असे समजू नये. नोकराकडूनही खर्चाचा तपशील लिहून घ्यावा.

परकीय चलन घेताना

चलन बँकेकडून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विनिमय व्यापाऱ्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. हिशेबात धरायचा दर तिथूनच मिळतो. एका दौऱ्यासाठी घेतलेल्या चलनाची किंमत 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर पैसे रोख न देता चेकने किंवा बँकेमार्फत द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी नोटांच्या रूपात 3,000 डॉलरपर्यंतच चलन नेता येते. बाकीचे फॉरेक्स कार्डावर घ्यावे. भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंत जवळ ठेवता येतात.

स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याचा दौरा त्याच्या वैयक्तिक मर्यादेत मोजला जातो. ही मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. मालकाने खर्च करून कामासाठी पाठवलेल्या नोकराचा खर्च या मर्यादेबाहेर राहतो.

याच वैयक्तिक योजनेखाली वर्षभरात 10 लाख रुपयांपेक्षा अधिक रक्कम बाहेर गेली तर प्रवासासारख्या कारणासाठी वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ कापते. 1 एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 7 लाख होती. हा कापलेला कर खर्चात टाकू नये. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वजा करून किंवा परतावा म्हणून मिळतो. पुष्कळांना हे ठाऊक नसल्याने हक्काचे पैसे सुटून जातात.

नातेवाइकाकडून पैसे घेणे

येथे एक इशारा देणे भाग आहे. आखातात आपले भाऊबंद आहेत. "तिकडे दिरहम माझ्याकडून घे, इकडे माझ्या घरी रुपये पोचते कर," असा व्यवहार घरचाच समजून केला जातो. कायद्याच्या नजरेत हा घरचा व्यवहार नाही. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा (फेमा) तो भंग ठरतो आणि गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय अशा पैशांची पावती नसते, म्हणून त्यातून केलेला खर्चही सिद्ध करता येत नाही. नातेवाइकाच्या घरी उतरणे, त्याच्याकडे जेवणे यात काही गैर नाही. मात्र तेथे राहून हॉटेलचा खर्च लिहू नये, एवढेच.

उदाहरणाने पाहू

समजा, एका व्यापाऱ्याने सात दिवसांच्या दुबई दौऱ्यासाठी 4,000 दिरहम घेतले. हिशेबाच्या सोयीसाठी दर 25 रुपये धरू. म्हणजे एक लाख रुपये झाले. खर्च असा :

हॉटेल, 6 रात्री : 1,500 दिरहम
जेवण, रोज 60 प्रमाणे : 420 दिरहम
टॅक्सी व मेट्रो : 280 दिरहम
नमुने पाठवण्याचा कुरिअर खर्च : 300 दिरहम
घरच्यांसाठी खरेदी : 700 दिरहम
शिल्लक : 800 दिरहम

धंद्याचा खर्च पहिल्या चार बाबींचा, म्हणजे 2,500 दिरहम किंवा 62,500 रुपये. घरच्या खरेदीचे 17,500 रुपये मालकाच्या उचलीत जातील. शिल्लक 800 दिरहम परत विकले आणि 24.50 चा दर मिळाला तर 19,600 रुपये हाती येतील. 400 रुपयांची घट विनिमय तोटा म्हणून लिहावी. थोडक्यात, एक लाखापैकी 62,900 रुपयेच धंद्याच्या खात्यात जातात. विमान तिकीट आणि व्हिसाचा खर्च यात वेगळा मिळवावा.

शिल्लक चलन परतल्यापासून 180 दिवसांच्या आत परत करावे लागते. 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील दौऱ्यासाठी जवळ ठेवता येतात.

धंदा आणि उमरा एकत्र असेल तर

काही बंधू दुबईचे काम उरकून जेद्दामार्गे उमरा करून येतात. आयकर कायद्याचे तत्त्व असे की, खर्च पूर्णतः व केवळ धंद्यासाठी झालेला असावा. म्हणून पुढचे तिकीट, मक्का-मदिनेतील मुक्काम आणि सोबतच्या कुटुंबीयांचा खर्च हा खाजगी होय. तो धंद्याच्या वहीत येऊ देऊ नये. मुळात प्रवास उमऱ्याचाच असेल आणि वाटेत एखाद्या दुकानदाराची भेट घेतली असेल, तर संपूर्ण प्रवास धंद्याचा म्हणता येणार नाही. याउलट खरोखर धंद्यासाठी गेलात पण ऑर्डर मिळाली नाही, तरी खर्च बाद होत नाही. हेतू धंद्याचा होता हे दाखवता आले पाहिजे.

तेथील कर आणि येथील कर

संयुक्त अरब अमिरातीत 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के मूल्यवर्धित कर आहे. सौदी अरेबियात तो 1 जुलै 2020 पासून 15 टक्के झाला. हॉटेलच्या बिलातील हा कर आपल्या जीएसटीतून वजा होत नाही; तो खर्चाचाच भाग म्हणून लिहावा. मात्र भारतातून धंद्यासाठी काढलेल्या विमान तिकिटावरील जीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते. त्यासाठी तिकीट काढतानाच आपला जीएसटी क्रमांक द्यावा. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सवलत नाही.

आणखी दोन नियम. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो, म्हणून हॉटेलचे बिल कार्डाने भरावे. आणि वर्षात परदेश प्रवासावर 2 लाख रुपयांपेक्षा जास्त खर्च केला असेल तर उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. लहान कारागिरांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा 2025 च्या अधिनियमाने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, वर सांगितलेले तत्त्व तेच आहे.

काय जपून ठेवावे?

एक मोठे पाकीट करावे व त्यावर दौऱ्याच्या तारखा लिहाव्यात. त्यात चलनाची पावती, तिकीट, बोर्डिंग पास, पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती, हॉटेलची बिले, भेटलेल्या व्यापाऱ्यांची कार्डे आणि त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ठेवावा. पातळ गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची अक्षरे वर्षभरात उडून जातात. त्यांच्या झेरॉक्स लगेच काढाव्यात. टॅक्सी, चहापाणी अशा बिनपावतीच्या खर्चासाठी खिशात छोटी वही ठेवून रोज रात्री तारखेनिशी लिहावे.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत हे पाकीट आपल्या लेखापालाच्या हाती द्यावे. आज तासाभरात होणारा हिशेब दोन-तीन वर्षांनी आठवून लिहिता येत नाही, आणि नोटीस मात्र तेव्हाच येते.