जीर्ण प्रतिश्यायातील सूर्यावर्त

करंजा बंदरातील कोळी बांधवांत पावसाळ्यानंतर रेंगाळणारी सर्दी आम्हांस नित्य दिसते. तीत एक डोकेदुखी चमत्कारिक वाटते. सूर्योदयाबरोबर भुवईत सुरू होते, माध्यान्ही असह्य होते आणि सायंकाळी आपोआप ओसरते. रुग्ण तिला अर्धशिशी समजून वेदनाशामक गोळ्या घेत राहतो. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिलेला सूर्यावर्त तो हाच. कपाळातील सायनसच्या शोथाशी त्याचे चित्र पुष्कळ जुळते.

येथे घाई होते ती नस्याची. नवप्रतिश्यायात नस्य निषिद्ध आहे, हे आपण सारे शिकलो. पाळतो किती, हा प्रश्न निराळा. स्राव पातळ असेतो लंघन, पाचन, सुंठीचे पाणी व डोळे जपून कपाळास मृदु स्वेद पुरे. स्राव घट्ट झाल्यावर, डोके हलके वाटू लागले की मग प्रत्येक नाकपुडीत अणुतैलाचे दोन बिंदू.

औषधविक्रेत्या बंधूंनी त्रिभुवनकीर्ती रस मागताक्षणी देऊ नये. त्यात बचनाग आहे. पापणी सुजणे, एकाचे दोन दिसणे, मान ताठरणे, तीव्र ज्वरासह वांती, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. संसर्ग डोळ्याच्या खोबणीकडे वा मेंदूकडे सरकलेला असू शकतो.