दालीची सही

चि. अनिकेत यास,


काल तुझी आई फोनवर रडवेली झाली होती. तू म्हणे दालीच्या 'डिव्हाइन कॉमेडी'तली चार एचिंग्ज घेतोयस, तीही कर्ज काढून! लिमिटेड एडिशन आहे, पाच वर्षांत दुप्पट होतील, असं विक्रेता म्हणाला. बाबांच्या पतपेढीच्या प्रकरणातून घर आत्ता कुठे सावरतंय, विसरलास?

आणि एचिंग कुठलं रे ते? दान्तेवरची दालीची ती 100 चित्रं मूळची जलरंगातली. त्यांचे प्रिंट निघाले ते लाकडी ठशांवरून, एकावर एक रंग चढवत. त्यांना एचिंग म्हणणाऱ्याला एक तर काही कळत नाही, नाहीतर तुला कळत नाही हे त्याला कळलंय. पेन्सिलीच्या सहीवर भाळू नकोस. 1974 मध्ये अँडोराच्या सीमेवर ट्रक अडवला, तर आत दालीने सह्या करून ठेवलेले 40 हजार कोरे कागद! चित्र मागाहून कोणीही छापावं.

खरं एचिंग बोटांना कळतं. ओल्या कागदावर प्लेटच्या कडेची खोलगट चौकट उमटते. चौकट खोटीही उठवतात, म्हणून कागद उजेडात तिरका धरून रेघ बघ. आम्लाने खाल्लेल्या रेघेतली शाई किंचित वर उचललेली दिसते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते कॅलेंडरच समज. आणि कॅलेंडरसाठी कोणी कर्ज काढतं का?

तुझ्या वयाची असताना पॅरिसच्या एका दुकानात गोगोलच्या 'डेड सोल्स'वरचं शागालचं एक पान मी हातात धरलं होतं. त्या प्लेटा 1923 ते 1927 मधल्या. प्रकाशक व्होलारकडे पडून राहिल्या, तो 1939 मध्ये गेला आणि पुस्तक निघालं थेट 1948 मध्ये. पानावर सही नव्हती, म्हणून परवडलंही असतं. पण तुझ्या आईचं लग्न तोंडावर आलं होतं. ठेवून आले. अजून शागाल कुठे दिसला की जीव तुटतो. तिला यातलं काही सांगू नकोस.

तेव्हा हौस सोड, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझ्या प्रेसचं चाक फिरवायला लहानपणी तूच भांडायचास. ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट विभागात वेळ ठरवून जा, अस्सल कागद समोर आणून ठेवतात. मग बिनसहीचं एखादं पान घे, पगारातून. डिसेंबरात येशील तेव्हा माझं भिंग तुझंच.

आईला आजच फोन कर. चित्रांचं बोलू नकोस, जेवलास का ते सांग. आणि आगाऊ रक्कम देऊन बसला असशील, महिन्याची ओढाताण होत असेल, तर मला कळव. बाबांना नको.

तुझी,
मावशी