अंगातला पारा कोण सांभाळतो?

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६ अंशांवर जातो, डिसेंबरात १० च्या आसपास उतरतो. अंगातला पारा मात्र ३७ च्या जवळपासच! इतकी चोख व्यवस्था कुणी आखल्याशिवाय आपोआप कशी झाली असेल?
(एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हे डॉक्टर आणि त्यांचे काही सहकारी उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापवलेल्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी शिजून घट्ट झाली, मांस भाजून निघालं. माणसं मात्र धडधाकट बाहेर आली आणि त्यांच्या अंगाचं तापमान फारसं बदललेलं नव्हतं. हवा कोरडी होती, घाम वाळत होता, म्हणून हे जमलं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. रक्त किंचित तापलं की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. थंडीत सगळं उलट. वाहिन्या आक्रसतात, अंगावर काटा येतो, दात वाजतात. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी पेटवलेली शेगडीच. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या तोल राखण्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. ३७ चा आकडा स्थिर दिसतो, तो या अखंड धडपडीमुळे.

आता आखणीचं. इंग्रज धर्मगुरू विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये तुमच्यासारखाच युक्तिवाद मांडला होता. १९९६ मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी त्याला नवं रूप दिलं : रक्त गोठण्यासारख्या यंत्रणेतला एक भाग काढला तरी ती बंद पडते, मग ती टप्प्याटप्प्याने घडेल कशी? ऐकायला बिनतोड वाटतं. पण लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशात रक्त गोठवणाऱ्या घटकांची साखळी आपल्यापेक्षा आखूड आहे, देवमाशात त्यातला ‘फॅक्टर बारा’ हा घटक नाही, आणि दोघांचंही रक्त गोठतं. २००५ मध्ये हा विचार शाळेत आणण्यावरून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथल्या शाळांचा खटला झाला. बीही साक्षीला आले, तरी ‘बुद्धिमान आखणी’ हे विज्ञान नव्हे, असाच निकाल न्यायाधीश जॉन जोन्स यांनी दिला. अर्थात कोर्टाचा निकाल म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. मला पटतो तो प्राण्यांनी दिलेला पुरावा.

अर्धवट व्यवस्था निरुपयोगी असती, तर ती कुणातच दिसली नसती. सरडा उन्हात येऊन बसतो, तापला की सावलीत सरकतो. तेवढ्यावर त्याचं भागतं. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस ३२ अंशांच्या आसपास सुखाने जगतो. तहानलेला उंट स्वतःचं तापमान पहाटे ३४ पर्यंत उतरू देतो, दुपारी ४० च्या वर चढू देतो आणि घामाचं पाणी वाचवतो. कुत्रा धापा टाकतो, कांगारू पुढचे पाय चाटून ओले करतो. ज्याच्याकडे जे होतं, त्यावरच त्याने निभावून नेलं. ज्याचा तोल थोडा जास्त टिकला त्याची पिल्लं थोडी जास्त जगली, आणि असं लाखो पिढ्या चाललं. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

यातून देव नाही असं सिद्ध होत नाही. तो विज्ञानाचा दावाही नाही. पण अंगातल्या ३७ अंशांचा उलगडा करायला आखणी करणारा कुणी गृहीत धरावा लागत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. शिवाय ही व्यवस्था तुम्ही समजता तितकी चोखही नाही. हवा दमट झाली की घाम नुसता निथळतो, वाळत नाही. पाणी कमी पडलं की घामही आटतो. मग अंगातला पारा ४० च्या पुढे जातो, आणि तो उष्माघात जीवही घेतो. तेव्हा यंदाच्या मे महिन्यात कुणाचं अंग चटका बसेल इतकं तापलं आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर थांबू नका. सावलीत आणून त्याचं अंग ओलं करा, वारा घाला आणि तडक दवाखान्यात न्या.