फळांवरील मेण

महाळुंग हे लिंबाच्या जातीचे एक फळ. आमच्या महाळुंगे गावाच्या नावात त्याचा ध्वनी ऐकू येतो; परंतु चाकणच्या कारखान्यांनी वेढलेल्या या गावी आज फळ म्हटले की मोठ्या दुकानातील चकचकीत सफरचंदच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही चकाकी कोठून येते व तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार येथे करू.

झाडावरून तोडल्यावरही फळाचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. आतील पाणी उडून जाऊ नये म्हणून सृष्टिकर्त्याने सफरचंदाच्या सालीवर मेणाचे पातळ पांघरूण घातले आहे. सारख्या वजनाची दोन सफरचंदे घ्यावी, एकाची साल काढावी, दोन्ही पुन्हा तोलून ठेवावी. दोन दिवसांनी तोलल्यास सोललेल्या फळाची घट अधिक दिसेल.

बाजारात पाठविण्यापूर्वी फळे धुतात, तेव्हा हे नैसर्गिक मेण काही अंशी जाते. ती उणीव भरून काढण्यासाठी वरून मेण लावतात. मधमाशीचे, ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांचे व लाखेचे, अशा तीन मेणांस २०११ च्या भारतीय अन्न-नियमांनी मुभा दिली. मात्र तसे लेबलावर लिहिण्याची अट घातली. तेव्हा सुरीने खरडताच पांढरा कीस निघाला म्हणून 'विष, विष' अशी ओरड करणे योग्य नव्हे.

तरी दोन गोष्टी ध्यानी धराव्या. थर फार जाड झाला तर फळास हवा मिळत नाही, ते आत आंबते व चव बिघडते. शिवाय मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळते. म्हणून थंड पाण्याने ते निघत नाही. शंका असल्यास साल काढावी.

मेण ताजेपणा टिकविण्यास साहाय्य करते. गेलेला ताजेपणा परत आणीत नाही. चाकणच्या बाजारात जाणता शेतकरी कांदा तकाकीवरून पारखीत नाही. तो दाबून पाहतो, मान सुकली की नाही हे पाहतो. आपणही फळ हाती घ्यावे, वजन अजमावावे, देठाशी वास घ्यावा. नाहीतर कष्टाचा पैसा चकाकीवर जातो आणि डागाळलेला पण गोड गावठी पेरू टोपलीतच राहतो.

इशायाच्या थोरल्या मुलाचे रूप पाहून शमुवेल संदेष्टाही क्षणभर भुलला होता. राजा व्हावयाचा दावीद मात्र रानात मेंढरे राखीत होता.