गिटारचा ‘हेवी मेटल’ नाद व संगणक

गेल्या स्नेहसंमेलनांत इयत्ता दहावींतील एका विद्यार्थ्यानें विजेची गिटार वाजविली, हें तुमच्यापैकीं पुष्कळांस आठवत असेल. परंतु तिचा आवाज मात्र कोणासहि आठवत नसणार, कारण तो तिसऱ्या रांगेपलीकडे पोंचलाच नाहीं. ड्रम ऐकूं आला, गाणाऱ्याचा गळा ऐकूं आला, आणि गिटारवाल्याचा हात तेवढा हालतांना दिसला. त्याचे आईवडील दारापाशीं, अगदीं मागें बसले होते. गिटार हप्त्यांनीं घेतलेली होती. कार्यक्रम संपल्यावर तो मला म्हणाला, “सर, मी वाजवीत होतों ना?” या फजितींत अर्धा वांटा माझा होता. तो नाद आम्हीं दोघांनीं तीन आठवडे खपून संगणकावर सिद्ध केला होता, आणि शाळेच्या प्रयोगशाळेंत तो आम्हांस अप्रतिम वाटला होता. चूक कोठें झाली याचा पुढें जो शोध आम्हीं केला, तो येथें सांगत आहें.

ज्या पालकांस ‘हेवी मेटल’ हें नांव अपरिचित असेल, त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका देणें अवश्य आहे. हा पाश्चात्य रॉक संगीताचा एक प्रकार असून त्याचा आरंभ सामान्यतः ‘ब्लॅक सॅबथ’ या वादकसमूहाच्या १९७० सालच्या पहिल्या तबकडीपासून मानतात. समूह इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांतला. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी हा वयाच्या सतराव्या वर्षीं पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां यंत्रांत सांपडून उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गमावून बसला. तो डावखुरा, तेव्हां तारा दाबण्याचा हात तोच. त्यानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें घडविलीं, हलक्या तारा चढविल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या तबकडींतील कित्येक गीतांत त्या दीड स्वर खालीं उतरविल्या. सैल तारेस दाब कमी लागतो आणि तिचा नादहि खोल येतो. ज्यांस हें संगीत केवळ गोंगाट वाटतें त्यांच्याशीं वाद घालण्याचा माझा हेतु नाहीं. मलाहि प्रथम तो गोंगाटच वाटला होता.

आतां या नादाची घडण पाहूं. विजेच्या गिटारींत तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तारेच्या कंपनानें वेटोळ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि अॅम्प्लिफायर तो वाढवितो. जुन्या अॅम्प्लिफायरांत हें काम कांचेचे व्हॉल्व्ह करीत, व या संगीताचे कित्येक वादक आजहि त्यांनाच प्रमाण मानतात. व्हॉल्व्हच्या शक्तीबाहेर प्रवाह त्यांत घातला म्हणजे लाटेचा माथा पुरता वर येऊं शकत नाहीं; तो छाटला जातो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीनें हा दोष, हेवी मेटलच्या वादकाचें हें भांडवल. लाट दोन्ही बाजूंनीं सारखी छाटली गेली तर मूळ स्वराच्या तिप्पट, पांचपट, सातपट कंपनसंख्येचे नवे स्वर तींत उपजतात. एक बाजू अधिक छाटली गेली तर दुप्पट व चौपटहि.

दोन स्वर एकदम छाटले गेले तर याहून मौज होते. त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरहि बाहेर पडतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२.४ कंपनें करते. तिला षड्ज मानलें तर पंचम सुमारें १२३.५ चा. वजाबाकी केली कीं ४१.१ येतात, म्हणजे जवळजवळ षड्जाच्या निम्मे: खालच्या सप्तकांतला षड्ज! कोणींहि न वाजवितां तो उमटतो आणि ऐकणाऱ्यास वाटतें कीं जमीन हादरली. षड्जपंचमाचें हें सख्य तंबोरा लावणाऱ्या घरांत नवें नाहीं. मध्यें गांधार घातला कीं मात्र सारें बिघडतें. गिटारच्या पडद्यांवरील गांधार शुद्ध प्रमाणापेक्षां चढा असतो. सबब त्याच्या बेरजा-वजाबाक्या इतरांशीं जुळत नाहींत व नुसती घरघर ऐकूं येते. म्हणूनच या संगीतांत षड्जपंचमाची जोडी इतकी वापरतात. हें गणित फळ्यावर मांडतांच आमच्या विद्यार्थ्यानें तत्काळ गिटार घेऊन तें पडताळून पाहिलें, आणि त्या दिवशीं तास संपल्याची घंटा आम्हां कोणालाच ऐकूं आली नाहीं.

हा अॅम्प्लिफायर संगणकावर कसा उतरतो? गिटारचा प्रवाह सेकंदास ४८,००० वेळां मोजून त्याचे आंकडे करतात, व प्रत्येक आंकड्यावर हिशेब करून नवा आंकडा बाहेर काढतात. हिशेबाचे मार्ग मुख्यतः दोन. मूळ यंत्रांतील व्हॉल्व्ह व इतर भाग यांचीं समीकरणें मांडून तीं सोडवावयाचीं, हा एक. दुसऱ्यांत खऱ्या यंत्रांत ठरावीक ध्वनि पाठवून बाहेर काय आलें तें नोंदवितात, आणि आंत गेलेल्या व बाहेर आलेल्या ध्वनींचा संबंध संगणकास उदाहरणांवरून शिकवितात. १९९८ सालीं लाइन सिक्स या कंपनीनें ‘पॉड’ नांवाची घेवड्याच्या आकाराची पेटी विकावयास काढली. २००६ सालीं ‘अॅक्स-एफएक्स’ आलें. २०११ सालीं ‘केंपर’नें समोरच्या अॅम्प्लिफायरची नक्कल थोड्याच वेळांत उतरवून घेण्याची सोय केली. स्टीव्हन अॅटकिन्सन यांचें ‘न्यूरल अॅम्प मॉडेलर’ तर विनामूल्य मिळतें, आणि आम्हीं अर्थात् तेंच घेतलें.

अशा हिशेबांत एक खोंच असते. ४८,००० मोजण्यांत २४,००० च्या वरची कंपनसंख्या मावत नाहीं. छाटणीनें ४०,००० चा एखादा स्वर उपजला तर तो दुमडून ८,००० चा होऊन परत येतो, व त्याचा मूळ स्वराशीं कांहीं मेळ नसतो. हें टाळण्यासाठीं पुष्कळ कृतींत आंतला हिशेब चौपट किंवा आठपट वेगानें करतात. विलंबाची भीति मात्र फारशी बाळगूं नये. १२८ आंकडे सांठवून घेण्यास सेकंदाचा सुमारें २.७ सहस्रांश लागतो, आणि तेवढ्या अवधींत ध्वनि हवेंतून एक मीटरहि जात नाहीं. संगणकांत हा विलंब एकाहून अधिक ठिकाणीं होतो खरा, तथापि स्पीकरपासून तीनचार पावलें दूर उभें राहून वाजविणारे वादक जगांत थोडे नाहींत.

आम्हीं घेतलेल्या नकलेंत दोष नव्हता. आमची पहिली चूक अॅम्प्लिफायरच्या पुढें होती. तीन आठवडे आम्हीं निरनिराळ्या अॅम्प्लिफायरांच्या नकला पाळीपाळीनें लावून पाहिल्या, आणि स्पीकरकडे तीन मिनिटेंहि लक्ष दिलें नाहीं. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारणतः ७५ ते ५,००० कंपनांपर्यंतच नीट बोलतो. वरचें सारें तो गाळून टाकतो. ही गाळणी नसेल तर छाटलेला प्रवाह डब्यांत कोंडलेल्या गांधीलमाशांप्रमाणें ऐकूं येतो. संगणकांत ही गाळणी एका क्षणिक टिचकीच्या नोंदीवरून बनवितात: स्पीकर, त्याची पेटी व समोरचा मायक्रोफोन हीं सर्व मिळून त्या टिचकीस काय उत्तर देतात तें टिपून ठेवावयाचें, आणि गिटारच्या प्रत्येक आंकड्यास तेंच उत्तर लावावयाचें. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून दोन अंगुळें कडेला सरकविला तरी स्वराची धार बोथट होते. आम्हीं एकच अॅम्प्लिफायर कायम ठेवून स्पीकरच्या सहा नोंदी एकामागून एक ऐकल्या, तेव्हां सहा निरनिराळ्या गिटारी ऐकल्यासारखें वाटलें.

दुसरी चूक आदर्शाविषयींची. त्याला हवा होता ‘मेटॅलिका’च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या तबकडीचा नाद. ही तबकडी १९८५ सालीं कोपनहेगन येथें मुद्रित होऊन १९८६ च्या मार्चांत प्रसिद्ध झाली, व २०१६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें तिला जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादींत घेतलें. तींतील गिटारींसाठीं मेसा बूगी कंपनीचा ‘मार्क टू सी प्लस’ हा अॅम्प्लिफायर वापरला होता, आणि त्याचीच नक्कल आम्हीं शोधून काढली होती. परंतु तबकडीवर जो नाद आहे तो एका गिटारचा नाहींच. जेम्स हेटफील्ड यानें तेच भाग पुनःपुन्हां वाजवून ते थरांवर थर ठेवलेले आहेत. खालचा भरीवपणा पुष्कळसा बास गिटारचा आहे. शिवाय मायक्रोफोन आहे, खोली आहे, मागाहून केलेली जुळवाजुळव आहे. तो नाद कोणत्याहि खोलींत एका गिटारींतून कधींच निघालेला नाहीं, आणि आम्ही तो एका गिटारींतून काढावयास बसलों होतों!

मग आम्हीं काय केलें होतें? भरीवपणा गिटारमध्येंच आणावा म्हणून खर्ज वाढविला, चमक वाढविली आणि मधले स्वर जवळजवळ शून्यावर नेले. प्रयोगशाळेंत आवाज हळू होता. हळू आवाजांत कानास खर्ज फार कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविलें आहे. सबब तेथें तो वाढवा गोड लागला. सभागृहांत खर्जाची जागा बास गिटारनें व मोठ्या ड्रमनें घेतली, वरची जागा झांजांनीं. गिटारची हक्काची जागा मधली, ५०० ते २,००० च्या आसपासची. ती आम्हीं आपल्या हातांनीं रिकामी केली होती. मुलगा वाजवीत होता, पण ऐकूं येण्याजोगें असें त्याच्याजवळ आम्हीं कांहीं ठेवलेंच नव्हतें.

मग सारें नव्यानें मांडलें. १०० च्या खालचे स्वर कापले, मधले परत आणले, छाटणी निम्म्यावर आणली. छाटणी फार झाली कीं प्रत्येक आघात सारख्याच उंचीचा होतो व बोटांतला जोर कळेनासा होतो. अॅम्प्लिफायरच्या आधीं ‘ट्यूब स्क्रीमर’ या प्रकारच्या पेडलची नक्कल बसविली. तिची स्वतःची छाटणी जवळजवळ बंद ठेवून ती केवळ खर्ज आवरण्यास व प्रवाह जोरानें पुढें ढकलण्यास लावली. एवढ्यानें आघात सुटे व टणक झाले.

राहिलें तें थरांचें काम. एकच भाग दोनदां निरनिराळा वाजवून एक डाव्या व एक उजव्या स्पीकरांत ठेवावयाचा असतो. पहिलेंच वादन दुसरीकडे चिकटविलें तर कानास तें मधोमध एकच ऐकूं येतें. रुंदी येते ती दोन वादनांतील सूक्ष्म फरकामुळें. त्यानें दोनदां वाजविलें. फरक सूक्ष्म नव्हता. हेटफील्ड सेकंदास सुमारें सात आघात, सर्व वरून खालीं, असे मिनिटेंच्या मिनिटें मारतो. आमच्या विद्यार्थ्याचे दर चवथ्या मात्रेस दोन्ही हात निरनिराळ्या गांवीं निघालेले दिसत, आणि संगणकाच्या पडद्यावर तें लाटांच्या रेघांत उघडेंच होतें. इतके दिवस जादा छाटणीनें तें झांकून ठेवलें होतें. तो दोन दिवस आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं मेट्रोनोम घेऊन आला व लय निम्मी करून बसला. हें काम जून ते आक्टोबरपर्यंत चाललें.

दिवाळीपूर्वीं एका शनिवारीं सभागृह रिकामें होतें. ड्रमवाला, बासवाला व तो असे तिघे रंगमंचावर उभे राहिले. त्याच्या वडिलांस मीं बोलावून आणलें व शेवटच्या रांगेंत, दारापाशीं बसविलें. गिटार ऐकूं आली तर हात वर करावा असें ठरलें. दुसऱ्याच आवर्तनास त्यांचा हात वर गेला. गीत संपेपर्यंत त्यांनीं तो खालीं घेतला नाहीं, आणि मग उठून पुढें येऊन आवाज थोडा कमी करतां येईल काय अशी चौकशी केली.