लघुउद्योजक आणि इंटरनेट : लीज्ड लाइन की डीएसएल ?

कारखाना लहान असो वा मोठा, मालाची मागणी नोंदविणे, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणे, बँकेचे व्यवहार करणे ही कामे आज इंटरनेटवरूनच होतात. जोडणी खंडित झाली की कामही थांबते. म्हणून जोडणीची निवड करताना उद्योजकाने केवळ जाहिरातीतील वेगाच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

दोन पद्धती

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवर इंटरनेट चालू असताना त्याच तारेवरून बोलता येत नसे. डीएसएल पद्धतीने ही अडचण दूर केली. तांब्याच्या तारेवरून बोलण्याचा आवाज सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात जातो. त्यावरील मोकळा पट्टा डीएसएल वापरते. तार आधीच पोहोचलेली असल्याने खर्च कमी येतो. मात्र दूरध्वनी केंद्रापासूनचे अंतर जसजसे वाढते, तसतसा संकेत क्षीण होऊन वेग घटतो. शिवाय केंद्रापुढील क्षमता अनेक ग्राहकांत विभागली जाते.

लीज्ड लाइनमध्ये ठराविक क्षमता एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली असते. माहिती येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखाच असतो. साहजिकच तिचे भाडे कितीतरी पटींनी अधिक पडते.

वेगाचे गणित

१९९९ च्या एडीएसएल मानकानुसार माहिती येण्याचा वेग सेकंदाला ८ मेगाबिटपर्यंत, तर जाण्याचा सुमारे १ मेगाबिट असे. तिच्या शेजारी २ मेगाबिटची लीज्ड लाइन ठेवून पाहू. १०० मेगाबाइटची, म्हणजे ८०० मेगाबिटची, आराखड्यांची फाइल मागवायची असेल तर डीएसएलला १०० सेकंद लागतील, लीज्ड लाइनला ४००. तीच फाइल ग्राहकाकडे पाठवायची झाली तर चित्र उलटे होते : डीएसएलला ८०० सेकंद, लीज्ड लाइनला ४००. याचा अर्थ असा की, ज्याचे काम माहिती मागविण्याचे आहे आणि ज्याचे काम ती पाठविण्याचे आहे, त्या दोघांना एकच जोडणी सारखी लाभदायक ठरत नाही.

खंडित सेवेची किंमत

लीज्ड लाइनच्या करारात सेवा किती टक्के काळ चालू राहील याची हमी सामान्यतः लिहिलेली असते. ९९.५ टक्के हा आकडा भरघोस वाटतो. परंतु ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, हे ध्यानात घेता सेवा ३ तास ३६ मिनिटे बंद राहिली तरी करार मोडत नाही. हमी ९९.९ टक्के असल्यास ही मुदत सुमारे ४३ मिनिटांवर येते. हमी पाळली न गेल्यास भाड्यात किती सूट मिळेल आणि दुरुस्ती किती तासांत होईल, हे करारावर सही करण्यापूर्वीच पाहावे.

आजचा प्रश्न

आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेची जागा प्रकाशतंतूने घेतली आहे. अंतराची अडचण त्यामुळे बव्हंशी दूर झाली. वाटणीची मात्र राहिली. घरगुती प्रकाशतंतू जोडणीच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता बहुधा ३२ वा ६४ ग्राहकांत विभागली जाते. तेव्हा सामाईक जोडणी घ्यावी की राखीव, हा प्रश्न कायम आहे.

निवड कशी करावी ?

जोडणी एक तास बंद पडली तर आपले किती नुकसान होते, याचा हिशेब प्रथम मांडावा. नुकसान किरकोळ असेल तर लीज्ड लाइनचा भार उचलण्याचे कारण नाही. ते मोठे असेल तर भाडे जास्त असूनही ती परवडते. या दोहोंमध्ये बसणाऱ्या उद्योगांना मधला मार्गही खुला आहे : दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या साध्या जोडण्या घ्याव्यात. परंतु दोन्ही तारा एकाच चरातून आलेल्या नाहीत, याची खात्री अवश्य करून घ्यावी. अन्यथा कुदळीच्या एका घावाने दोन्ही जोडण्या एकदमच बंद पडतील.