चित्रकार हळदणकर आणि आमच्या आजीचा दिवा



आमच्या गुरुजींनी वर्गात एक छापील चित्र आणले होते. त्यात एक बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. ज्योतीपुढे तिने दुसरा हात आडवा धरला आहे. बोटांमधून उजेड येतो आणि तोंडावर पडतो. मी म्हटले, "गुरुजी, हा फोटो ना?" गुरुजी हसले. म्हणाले, "फोटो नव्हे, पाण्याच्या रंगांचे चित्र आहे. आणि काढणारे आपल्याच जिल्ह्यातले!"

त्या चित्रकारांचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीला झाला. सावंतवाडी म्हंजे लाकडी खेळण्यांचे गाव. पुढे ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली आणि पुष्कळ मुलांना शिकवले. १९६८ साली ते वारले. ते तैलरंगातही चित्रे काढत आणि जलरंगातही.

हे दिव्याचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याचे नाव 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड. पुष्कळ लोकांना वाटते की ते राजा रविवर्मा यांनी काढले. पण ते चूक आहे. चित्रासाठी हळदणकरांची मुलगी गीता दिवा घेऊन उभी राहिली होती. त्या गीताबाई शंभर वर्षांहून जास्त जगल्या. २०१८ साली कोल्हापूरला वारल्या.

हळदणकर वास्तववादी चित्रकार होते. वास्तववादी म्हणजे काय? समोरचे माणूस जसे दिसते तसे काढायचे. उजेड जिथे पडतो तिथेच दाखवायचा, सावली जिथे आहे तिथेच. त्यासाठी आधी खूप वेळ बघावे लागते.

आता माझी गोष्ट सांगते. आमच्या आजीला मोतीबिंदू आहे. दिवाळीनंतर ती ऑपरेशनसाठी मुंबईला काकांकडे जाणार आहे. किती दिवस राहील ते माहीत नाही. घरात तिचा एकटीचा एकही फोटो नाही. म्हणून मी ठरवले की आजीचे चित्र काढायचे.

पहिले चित्र मी न बघताच काढले. ज्योतीला पांढरा रंग लावला, तर तो पिवळ्यात मिसळून चिखल झाला. आजीने कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "ह्यां काय गो? भूत काढलंस?" मला रडू आले. आई म्हणाली, "चित्र राहू दे, पाढे पाठ कर."

दुसऱ्या दिवशी गुरुजींना कागद दाखवला. ते म्हणाले, "जलरंगात उजेडाला पांढरा रंग लावू नये. तिथे कागद कोराच सोडायचा. आधी फिका रंग द्यायचा, तो वाळला की मग गडद. तैलरंगात चुकले तर वरून पुन्हा रंग देता येतो. इथे चूक लपत नाही. म्हणून आधी बघायचे, मग ब्रश उचलायचा."

त्या रात्री लाईट गेली. आजी दिवा घेऊन माजघरात आली आणि ज्योतीपुढे हात धरला. मी म्हटले, "आजी, अशीच थांब!" मी नुसती बघत बसले. बोटांच्या कडा लालसर दिसत होत्या. तोंडाची एक बाजू उजेडात, दुसरी काळोखात होती. मागे भिंतीवर मोठी सावली. तिच्या हाताच्या शिरासुद्धा मी पहिल्यांदाच नीट बघितल्या. तुम्हीपण काळोखात बॅटरीपुढे बोटे धरून बघा, कळेल.

मग आजी तीन रात्री माझ्यासाठी उभी राहिली. पाय दुखले तर पाटावर बसली. आई ओरडली नाही. दिव्यात तेल तीच घालत होती.

ज्योतीच्या जागी मी कागद कोरा सोडला आहे. नाक काही जमले नाही. पण आजीने चित्र डोळ्यांजवळ धरले आणि बोट ठेवून म्हणाली, "हो हात माझोच गो!"

चित्र या लेखाखाली लावले आहे. ऑपरेशन झाल्यावर आजी ते लांबून बघणार आहे. तोवर तुम्ही बघा. पण नाकाकडे बघू नका, हाताकडे बघा.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी